दुसऱ्याचा शेरा

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना मुलं चिमटाबाई म्हणत. अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि माझ्या मते आवडतही होतं. कुठलीही वस्तू उचलायची झाली तर त्या अंगठा आणि पहिलं बोट एवढंच वापरत. बाकीची तीन बोटं लांब उभी, जणू या व्यवहाराशी त्यांचा काही संबंध नाही. मुलांच्या घामट वह्या, शिक्षकखोलीतले कानतुटके कप, फळा पुसायचं फडकं, सगळं चिमटीत. मी चित्रकलेचा मास्तर. माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून, आणि माझे हात सदा रंगानं बरबटलेले. पहिली काही वर्षं त्या माझ्याकडून खडूसुद्धा घेत नसत.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. बहीण इस्पितळात परिचारिका. ती एकदा शाळेत आली होती, तेव्हा मी गमतीनं विचारलं, "तुमच्या ताईंना कशाकशाची किळस येते, त्याची यादी आहे का?"

ती हसली नाही. म्हणाली, "यादी कशाला? ताईला सगळ्याचीच येते. मुलांची तेवढी येत नाही. पोरगं वर्गात ओकलं तर हातानं साफ करेल. आणि कुणी मोठा माणूस शेजारी बसून मचमच करत जेवला, तर ही दोन दिवस जेवणार नाही."

हे अगदी खरं होतं.

शाळेच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा बाईंनी आधी त्याच्याकडेही नाक मुरडूनच पाहिलं. कारण उघड होतं. तो की-बोर्ड म्हणजे एक उकिरडा होता. कळांच्या फटींत बिस्किटांचा चुरा, माउसवर काळा चिकट थर, पडद्यावर बोटांचे ठसे. कार्यालयात गुण भरायला प्रत्येक शिक्षकाला जावंच लागायचं. बाई पहिल्या दिवशी दारातूनच परत फिरल्या आणि दुसऱ्या दिवशी बहिणीकडून स्पिरिट आणि कापसाचे बोळे घेऊन आल्या. एकेक कळ उपटून पुसली, पुन्हा बसवली. कारकून बघत राहिला. मग खुर्चीवर स्वतःचं फडकं अंथरून बसल्या आणि शिकायला लागल्या.

आणि काय सांगू, नवलच झालं. जे यंत्र शिवायला नको होतं त्याच्याच त्या प्रेमात पडल्या. हजेरीपट हातानं लिहायचा म्हणजे शाईचे डाग, खाडाखोड, पानांचे कान दुमडलेले, कुणाचा तरी तेलकट अंगठा. इथे तसं काही नव्हतं. पांढऱ्या स्वच्छ चौकटी. एका ओळीत एक मूल. पहिल्या रकान्यात नाव, मग हजेरी, मग गुण. बेरजा आपोआप, टक्केवारी आपोआप. "अहो सर, याला घाम येत नाही," त्या मला म्हणाल्या होत्या. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती मी माणसाचीही ऐकली नव्हती.

बाई एका वर्गाच्या वर्गशिक्षिकाही होत्या. त्या वर्गाच्या तक्त्यात त्यांनी स्वतःचा एक रकाना वाढवला होता. शेऱ्याचा. आठवड्यातून एकदा बसायच्या आणि ज्या मुलाचं काही नजरेत भरलं असेल ते त्याच्या ओळीत लिहायच्या. 'प्रश्न विचारायला हात वर करत नाही, पण घंटा झाल्यावर टेबलाशी येऊन विचारतो.' 'भूमिती आवडते, आकडेमोड आवडत नाही, म्हणून दोन्ही बिघडतं.' सहामाही संपली की त्यातून प्रत्येकाचा दोन-तीन वाक्यांचा शेरा बनवायचा. पुढचं काम यंत्राचं. पत्राचा एक साचा केलेला असायचा, मोकळ्या जागा सोडून. तक्त्यातलं नाव नावाच्या जागी, गुण गुणांच्या जागी, शेरा शेऱ्याच्या जागी, आणि धडाधड सगळ्या वर्गाची प्रगतिपत्रकं तयार. खाली एक चिठ्ठी असायची. तिच्यावर पालकांनी आपला अभिप्राय लिहायचा, सही करायची, कापून परत पाठवायची.

बाकीच्या वर्गांत असे शेरे लिहायला कुणाला वेळ होता? त्यांच्यासाठी आमच्या पर्यवेक्षकांनी एक तयार यादी करून दिली होती. चौकटीवर टिचकी मारली की यादी खाली उघडायची. 'प्रगती उत्तम.' 'प्रगती समाधानकारक.' 'अधिक परिश्रमांची गरज.' 'वर्तनात सुधारणा अपेक्षित.' त्यातलं एक निवडायचं, झालं. बाईंना ती यादी पहिल्यांदा दाखवली तेव्हा त्यांचं तोंड असं झालं की मला वाटलं, यांना आता पाणी आणून द्यावं लागणार.

"हे म्हणजे एकाच रुमालानं सगळ्या वर्गाची नाकं पुसायची," त्या म्हणाल्या. "मी नाही पुसणार."

या पर्यवेक्षकांना आम्ही मोजणीसर म्हणायचो. कारण त्यांना जे मोजता येत नाही ते त्यांच्या लेखी अस्तित्वातच नसे. माणूस दुष्ट नव्हता. कधी कुणाशी आवाज चढवून बोलला नाही. पण कागद मोजताना जिभेला बोट लावायचा. दर पानाला जीभ, दर पानाला बोट. मग ते कागद बाईंकडे यायचे. बाई ते चिमटीत धरून खिडकीत वाळत ठेवायच्या.

त्या सहामाहीला बाईंना प्रशिक्षणासाठी बाहेरगावी पाठवलं. जाण्याआधी त्यांनी तक्ता पुरा केला, एकेक ओळ वाचून तपासली आणि फाइल कार्यालयात ठेवून गेल्या. प्रगतिपत्रकं मोजणीसर छापून वाटणार होते.

नेमकं तेव्हा शाळेच्या संस्थाचालकांनी मोजणीसरांकडे माहिती मागितली. किती मुलांना उत्तम, किती समाधानकारक, वर्गवार. इतर वर्गांची मोजणी चुटकीसरशी झाली, कारण शेरे यादीतलेच होते. बाईंचा वर्ग मात्र मोजताच येईना. एक वाक्य दुसऱ्यासारखं नाही. मोजणीसरांनी मग आपलं डोकं चालवलं. सारखे दिसणारे शेरे एकाखाली एक येतील म्हणून त्यांनी तो एकटाच रकाना धरला आणि अकारविल्हे लावला. यंत्रानं विचारलंसुद्धा, शेजारचे रकानेही बरोबर हलवू का? त्यांनी 'नको' दाबलं. नावं जिथल्या तिथे राहिली, गुण जिथल्या तिथे राहिले, शेरे मात्र सगळे सरकले. याचा शेरा त्याला, त्याचा तिला. मोजणी तरीही जमली नाहीच. मोजणीसरांनी कंटाळून फाइल तशीच बंद केली. यंत्रानं जतन करू का म्हणून विचारलं, तेव्हा मात्र 'हो' म्हणाले. आणि पत्रकं छापली, पाकिटात घातली, वाटून टाकली.

बाई परत आल्या तोवर पालकांच्या चिठ्ठ्या सह्या होऊन यायला लागल्या होत्या.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत एका मुलाची आई फाटकाशी उभी होती. कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरला असते ती. तिचा मुलगा बाईंच्या वर्गात होता. बोलताना अडखळायचा बिचारा. पहिलं अक्षर ओठांशी यायचं आणि तिथेच रुतून बसायचं. वर्गात त्याचं नाव पुकारलं की मुलं आधीच तोंड दाबून घ्यायची. बाईंनी ते बंद केलं होतं.

आईनं चिमटाबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला. बाईंनी घेऊ दिला, याचंच मला नवल वाटलं.

"बाई, मी काय बोलू तुम्हाला? इतक्या वर्षांत याच्याबद्दल कुणी चांगलं लिहिलं नाही. मी दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. याच्या बापाला फोन करून वाचून दाखवलं. त्याला खरंच वाटेना."

"काय वाचून दाखवलंत?" बाईंनी विचारलं.

तिनं पर्समधून पत्रक काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. बाईंनी वाचलं. 'वर्गापुढे उभा राहून न अडखळता बोलतो. आवाज खणखणीत आहे.'

मी बाईंच्या शेजारीच होतो. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी पत्रक परत दिलं, "मी तुम्हाला बोलावून घेते," एवढंच म्हणाल्या आणि वळल्या. आई मागे म्हणत होती, "हो बाई, कधीही बोलवा!"

कार्यालयात जाऊन बाईंनी फाइल उघडली. शेऱ्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत नुसता पाहिला आणि त्यांना कळलं. 'अक्षर' या शब्दानं सुरू होणारा शेरा सगळ्यांत वर, 'हसतमुख' सगळ्यांत खाली. शब्दकोशासारखा ओळीत उभा केलेला वर्ग.

कुणालाही वाटेल, त्या आता मोजणीसरांवर तुटून पडणार. तसं झालं नाही. त्यांनी आधी परत आलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मागवला. आम्ही दोघं शिक्षकखोलीत बसलो. त्या एकेक चिठ्ठी वाचत होत्या आणि माझ्याकडे सरकवत होत्या. पालकांचा अभिप्राय: 'योग्य.' 'वाचले.' 'आम्ही सहमत आहोत.' 'आम्हालाही असेच वाटते.' 'सूचना दिली आहे.' दुसऱ्याच कुणाच्या मुलाबद्दल लिहिलेलं वाचून सगळं घर सहमत होतं.

"सर, कुणालाच कळलं नाही," बाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "एकालाही नाही."

मग एक चिठ्ठी अशी आली की ती त्यांनी सरकवली नाही. हातातच धरली. या पालकानं चिठ्ठी कापलीच नव्हती, अख्खं पत्रकच परत पाठवलं होतं. मी वाकून वरचं नाव वाचलं. शाळा सुटल्यावरच्या माझ्या चित्रकलेच्या वर्गाला येणारी एक मुलगी. अबोल. पेन्सिलीला टोक करायचं असलं तरी परवानगी विचारणारी. गेले काही दिवस ती यायची बंद झाली होती आणि मला वाटलं होतं, सर्दीताप असेल.

तिच्या पत्रकावर छापलं होतं: 'दुसऱ्याच्या वहीतून उतरवतो. विचारलं तर डोळ्यांत डोळे घालून खोटं बोलतो.' शेरा एका मुलाचा होता, म्हणून 'उतरवतो', 'बोलतो'. वडिलांनी लाल पेन घेऊन दोन्हीकडचा 'तो' खोडला होता आणि वर नीट अक्षरात 'ते' लिहिलं होतं. 'उतरवते.' 'बोलते.' खाली अभिप्राय: 'घरीही असेच करते. योग्य ती शिक्षा केली आहे.' आणि सही.

बाई उठल्या. बाहेर नळापाशी गेल्या. मला वाटलं हात धुवायला गेल्या, पण त्यांना खरोखरच ओकारी झाली. परत आल्या तेव्हा पदरानं तोंड पुसत होत्या. रुमाल होता, पण पदरानं पुसत होत्या.

"व्याकरण कळलं त्या माणसाला," त्या म्हणाल्या. "मुलगी नाही कळली."

दुपारी त्यांनी त्या मुलीला प्रयोगशाळेत बोलावलं. काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मुलगी दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना. मग विचारती झाली, "बाई, मी कधी खोटं बोलले?"

"कधीच नाही."

"मग तुम्ही का लिहिलं?"

बाईंनी तिला खरं काय ते सांगितलं. यंत्रात शेरे उलटसुलट झाले, तुझं नव्हतंच ते. मुलीला हायसं वाटेल अशी त्यांची कल्पना. ती रडायला लागली. रोज जेवायला बसण्याआधी बाबा तिला उभं करून तो शेरा मोठ्यानं वाचायला लावत. चित्रकला बंद केली होती. आणि तिनं बाईंना जे सांगितलं ते बाई मला सांगताना मध्येच थांबल्या. ती म्हणाली होती, "मला वाटलं, मी बोलत असेन खोटं. मलाच कळत नसेल."

संध्याकाळी बाई मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेल्या. मला सोबत घेतलं. मोजणीसर आधीच तिथे बसलेले. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुणा पालकाची तक्रार आली आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग तीच तर घाण आहे!" बाई म्हणाल्या.

मोजणीसर गोड आवाजात म्हणाले, "अहो, तुम्ही यादीतले शेरे घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता. यादीतला शेरा कुणालाही लागू पडतो."

"हो ना. म्हणून तो कुणाचाच नसतो."

"हे बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "तपासणी तोंडावर आलीय. पत्रकं परत मागवायची म्हणजे आपण होऊन गावभर दवंडी पिटायची की शाळेत गोंधळ आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या वेळी नीट करू. मुलं काय, विसरतात."

"आणि पालक?"

"त्यांनी तर सह्या केल्यात," मोजणीसर म्हणाले, आणि सवयीनं जिभेला बोट लावून त्यांनी त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा मोजायला घेतला.

बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. अस्वच्छता पाहून त्यांचा चेहरा कसा होतो, ते मला पाठ होतं. हा चेहरा वेगळा होता. त्या उठल्या आणि बाहेर पडल्या. जिन्यात म्हणाल्या, "सर, इतके दिवस मला कपाच्या कानाची किळस येत होती. काय मूर्ख बाई मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वर्गाच्या सगळ्या पालकांना स्वतःच्या फोनवरून निरोप पाठवला. 'शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात या. मुलाला बरोबर आणा. पत्रकही आणा.' मोठ्या बाईंना विचारलं नाही. बहिणीनं घरी म्हणे समजावलं होतं, "ताई, हात दाखवून अवलक्षण कशाला? तुझी नोकरी आता उरली किती?" त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "तू पेशंटला दुसऱ्याचं औषध दिलंस तर गप्प बसशील?" शनिवारी बहीण स्वतःच वर्गात खुर्च्या लावायला आली.

पालक आले, पण वैतागून आले. अर्धा दिवस वाया गेला, अशा तोंडानं. बाकांवर मुलांच्या जागी अवघडून बसले. बाईंनी फळ्यासमोर उभं राहून सरळ सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, मोजणीसरांचंही नाही. "तुमच्या हातातला शेरा तुमच्या मुलाचा नाही. तो दुसऱ्या कुणाचा आहे. शाळेकडून चूक झाली. मी या वर्गाची शिक्षिका, म्हणून मी माफी मागते."

मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "पण बाई, आमच्या चिरंजीवांना तर अगदी फिट्ट बसला हो."

काही जण हसले.

"कारण तुम्ही कागदाचं माप घेऊन मुलाला कापलंत," बाई म्हणाल्या. हसणं थांबलं. "मी एखाद्या तरी घरातून फोन येण्याची वाट पाहत होते. एक तरी आई म्हणेल, बाई, हे माझं मूल नाही. एक तरी बाप विचारेल. कुणी विचारलं नाही. तुम्ही सह्या केल्यात."

आता कुरबुर सुरू झाली. चूक शाळेची आणि बोलणी आम्हाला? चोराच्या उलट्या बोंबा. एक जोडपं उठून गेलंसुद्धा. बाईंनी अडवलं नाही. त्यांनी टेबल भिंतीशी ओढलं, समोर दोन खुर्च्या ठेवल्या आणि एकेका घराला बोलावून मुलासमोरच खरं काय ते सांगायला लागल्या. नवा कागद कुणालाच दिला नाही. "कागद मी देणार नाही," त्या म्हणत. "ऐका, आणि मुलाकडे बघून ऐका."

अबोल मुलीचे वडील गाडी चालवायला शिकवतात. नेटके कपडे, पॉलिश केलेले बूट, बोलणं मोजकं. बाईंनी लाल पेनानं दुरुस्त केलेलं ते पत्रक त्यांच्यासमोर ठेवलं.

"छापलेलं होतं, बाई," ते म्हणाले. "शाळेच्या शिक्क्यासकट. मी काय समजायचं?"

"आणि मुलगी समोर होती."

त्यांनी लाल पेनाच्या खुणांकडे पाहिलं.

"हा 'तो' तुम्ही खोडलात. खोडताना एकदाही वाटलं नाही, की हे दुसऱ्या कुणाबद्दल असेल?"

"मला वाटलं, टाइप करताना चुकलं असेल."

"यंत्र चुकू शकतं, हे तुम्हाला पटलं. पण पोरगी खरं बोलत असेल, हे नाही पटलं."

त्यांचे कान लाल झाले. मुलगी बुटाच्या टोकाकडे बघत होती. मी मनात म्हणत होतो, आता हा माणूस मुलीला जवळ घेईल, काहीतरी बोलेल. त्यांनी घड्याळ पाहिलं, उठले, "चल," म्हणाले आणि निघाले. दारापाशी मात्र तिचं दप्तर त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतलं. त्याचा अर्थ काय काढायचा, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मुलगी चित्रकलेला आली. मागच्या बाकावर बसली. वडील तिला सोडायला येतात, पण शाळेच्या आत पाऊल टाकत नाहीत.

बेकरीतल्या आईला बाईंनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. वर्ग रिकामा झाला होता. ती सगळं ऐकत बसली होती, त्यामुळे तिला कळायचं ते कळलेलंच होतं. मुलगा शेजारी. प्लास्टिकच्या पिशवीतलं पत्रक तिनं मांडीवर उपडं ठेवलं होतं.

"म्हणजे तो बोलला नाही वर्गापुढे," ती म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "पण मी याच्याबद्दल लिहिलं होतं ते ऐका. हा प्रयोग करतो तेव्हा याचा हात हलत नाही. वर्गात कुणाचाच इतका स्थिर नाही. आणि याला घाई केली नाही, तर हा वाक्य पुरं करतो. मी थांबते. तुम्हीही थांबा."

आईनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तिचे डोळे भरून आले होते, पण ते दुःखानं नव्हे, रागानं. "तुम्ही गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली. "त्या साहेबांच्या मुलीचं सांगायचं होतं तर तेवढं सांगायचं. आमचं कशाला काढून घेतलंत? चार दिवस हा घरात जरा मान वर करून चालत होता. याचा बाप पहिल्यांदा याच्याशी नीट बोलला फोनवर."

बाईंकडे उत्तर होतं, असं मला वाटलं. खोटं कधी ना कधी उघडं पडतंच, वगैरे. त्यांनी ते दिलं नाही. मग म्हणाल्या, "बिघडलं असतं. पण तुमचं नसतं बिघडलं. माझं बिघडलं असतं. माफ करा."

"नाही करणार," आई म्हणाली. मुलाला दंडाला धरून निघून गेली.

पुढचं सगळं रीतसर झालं. बाईंना परस्पर सभा घेतल्याबद्दल लेखी जाब विचारला गेला. त्यांचा वर्ग काढून दुसऱ्याला दिला. शेऱ्यांच्या रकान्याला कुलूप लागलं, म्हणजे आता यादीबाहेरचं काही लिहायला गेलं तर यंत्रच घेत नाही. मोजणीसरांचा मात्र तपासणीत गौरव झाला. सगळ्या शाळेचे शेरे एकसारखे आणि एका टिचकीत मोजता येण्याजोगे, म्हणून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय?

विज्ञानाच्या गुणांसोबत बाईंनाही यादीतून शेरा निवडावा लागतो. त्या निवडत नाहीत. रकाना मोकळा सोडतात. तपासणीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "विज्ञानाचा रकाना सगळा मोकळा कसा?" मोठ्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, "काहीतरी तांत्रिक बिघाड आहे."

बाई मागेच उभ्या होत्या. "बिघाड मी आहे," त्या म्हणाल्या.

अधिकारी हसले. त्यांना वाटलं, विनोद केला.

आता बाई घरीच एक जुना कॉम्प्युटर घेऊन बसल्या आहेत. त्याच्यावर तोच तक्ता चालू आहे, एका ओळीत एक मूल. वर्ग आपला नाही, तरी त्या लिहितात आणि मधूनमधून एखाद्या घरी फोन लावतात. काही पालक फोन उचलत नाहीत. शिक्षकखोलीत कुणी त्यांच्या टेबलाशी फारसं बसत नाही. माझ्या रंगाच्या हातांतून मात्र त्या आता खडू घेतात.

बेकरी त्यांच्या घराच्या वाटेवर आहे. दुसरी दुकानंही आहेत, पण बाई तिथेच पाव घ्यायला जातात. रांगेत उभ्या राहतात. त्यांची पाळी आली की ती आई पाव कागदात गुंडाळते, काउंटरवर ठेवते आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघत म्हणते, "पुढचं कोण?"